पानवाले तात्या

रामघाटावरच्या पानवाले तात्यांनी आयुष्यात एकही विडा लावला नाही आणि एकही खाल्ला नाही. बनारसमध्ये राहून, वर दारावर 'पानवाले' अशी पाटी लावून, ही गोष्ट कुणाला खरी वाटत नसे. घाटावरून वाट चुकून गल्लीत शिरलेले यात्रेकरू ती पाटी बघून थेट वर येत आणि म्हणत, "गुरू, एक मीठा लगाइए." तात्या चिडत नसत. त्यांना खुर्चीत बसवत, पाणी देत आणि चिमट्याने एक कागदी पिंपळपान उचलून त्यांच्या तळहातावर ठेवत. ते पान तिळाएवढं असे. तेवढ्यात देठ, कडेची लहर आणि टोकाची लांब निमुळती शेपटी, सगळं जागच्या जागी. "यही हमारा पान है," तात्या ऐटीत सांगत, "इसमें थूकना नहीं पड़ता."

जगभर काही माणसं हौसेने छोटे देखावे बनवतात. एखादं खेड्यातलं स्टेशन, पावसात भिजलेली गल्ली, लढाईनंतरचं ओसाड गाव, सगळं नेमक्या प्रमाणात लहान केलेलं. दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडलेल्यांना त्यातलं सुख वेगळं सांगायला नको. या देखाव्यांतल्या गाड्या आणि माणसं प्लास्टिकची तयार मिळतात. पण झाडाचं पान, खिडकीची जाळी, घाटावरची वेताची छत्री, भिंतीला टेकवलेली शिडी, या वस्तू प्लास्टिकमध्ये जाड आणि मठ्ठ दिसतात. तात्या त्या कागदातून करत. संगणकावर रेघ काढायची आणि लेझरच्या यंत्राने त्या रेघेवर कागद कापायचा. जाळ्या आणि छत्र्याही ते करत, पण जीव सगळा पानांत.

मी बँकेच्या बदलीवर सांगलीहून बनारसला आले तेव्हा त्यांच्या घरातल्या मधल्या मजल्यावरची खोली मला भाड्याने मिळाली. खाली तात्यांचे थोरले बंधू अण्णा राहत आणि ओसरीवर वेदपाठशाळा चालवत. वर तात्या आणि त्यांचं यंत्र. पिढ्यान्‌पिढ्या याज्ञिकी करणाऱ्या या घरातून धाकटा मुलगा वनस्पतिशास्त्र शिकायला गेला, कॉलेजात तेच शिकवून निवृत्त झाला आणि मग कागदाची पानं कापू लागला. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "बागेत फिरायला नेलं की मुली पळून जायच्या. मी फुलं द्यायचो नाही, नावं सांगायचो."

माझा नवरा आणि मुलगी सांगलीलाच होते. बँकेतून आल्यावर संध्याकाळ खायला उठे. पहिल्याच आठवड्यात तात्यांनी जिन्यातून हाक मारली, "अगं शुभा, इंग्रजी चिठ्ठी लिहिता येते का तुला? माझं इंग्रजी फार रागीट आहे, गिऱ्हाईक नाराज होतात." त्या दिवसापासून त्यांचा परदेशी पत्रव्यवहार मी सांभाळू लागले आणि संध्याकाळचा प्रश्न मिटला.

तात्यांच्या कुडत्याच्या खिशात बोटाएवढा एक प्लास्टिकचा माणूस असे. टोपी घातलेला, हातात छत्री. त्याचं नाव बाबू. तात्या जिथे जात तिथे बाबूला बाहेर काढून वस्तूशेजारी उभं करत. कचौडीच्या द्रोणाशेजारी बाबू, ठठेरी बाजारातल्या तांब्याच्या घंगाळाशेजारी बाबू. "बाबूला हे केवढं दिसेल ते बघायचं," ते म्हणत. बहुतेक कारागिरांची पानं प्रमाणापेक्षा मोठी होतात यावर त्यांचा राग होता. "कडुनिंबाचं पान बाबूच्या तोंडापेक्षा मोठं? मग तो निंब आहे की छप्पर?" दुकानात बाबूला काउंटरवर उभं करून ते विचारात पडले की गल्लीतले दुकानदार आदबीने थांबत. एकदा मलईवाल्याने मातीचा पेला भरता भरता त्यांना विचारलंही, "तात्याजी, इनके लिए भी एक पुरवा लगा दूँ?" तात्यांनी गंभीरपणे बाबूकडे बघितलं आणि सांगितलं, "इनका आज उपवास है."

"बघतो, प्रयत्न करतो" हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. काम कितीही नाजूक असो, "होऊन जाईल, त्यात काय!" आणि ते होऊन जाई. मात्र एका बाबतीत ते अडून बसत. स्वतः न पाहिलेलं पान ते कापत नसत. बेल्जियमच्या एका गिऱ्हाइकाला ओकची पानं हवी होती. त्याने फोटो पाठवले, मापं पाठवली. तात्यांनी मला सांगितलं, "त्याला लिही, फोटोत पान असतं, पानाचा स्वभाव नसतो. जमिनीवर पडलेली चार पानं पाकिटात घालून पाठव म्हणावं." मी शक्य तितक्या गोड भाषेत ते लिहिलं. गिऱ्हाईक तुटलं असंच मी धरून चालले होते. काही आठवड्यांनी पाकीट आलं. तात्यांनी ते फोडून आधी नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "ओली माती आहे, पण आपली नाही." मग दोन दिवस ती पानं उलटीसुलटी करत बसले. पुढे ही चाल इतकी पसरली की पोस्टमन पाकीट हलवून आतल्या सळसळीवरूनच ओळखू लागला आणि खालूनच ओरडू लागला, "तात्याजी, पतझड़ आया है!"

वानराचा प्रसंग तर मी डोळ्यांनी पाहिला. हिवाळ्यात उन्हासाठी तात्या गच्चीवर काम करत. बांबूच्या पानांचं रंगवलेलं एक अख्खं झुडूप वाळत ठेवलेलं होतं. संकठा घाटाच्या बाजूने एक वानर उड्या मारत आलं, त्याने ते झुडूप उचललं आणि सरळ तोंडात घातलं. मी किंचाळले. कित्येक दिवसांचं काम होतं ते. वानराने चावून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि थुंकून निघून गेलं. तात्या मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले होते. चेहरा उजळलेला. "बघितलंस? खाल्लं त्यानं! झाड समजून खाल्लं! आता मला कुणाच्या बक्षिसाची गरज नाही." त्या दिवशी सगळ्या गल्लीला त्यांनी जिलेबी वाटली.

एवढ्या आनंदी माणसाच्या घरात एक गोष्ट दुखरी होती. अण्णा त्यांच्याशी बोलत नसत.

कारण मला वहिनींकडून कळलं. वहिनी म्हणजे अण्णांच्या पत्नी. तात्यांचं ऐकून मीही त्यांना वहिनीच म्हणू लागले होते. झालं असं, की यंत्राचं खोकं गल्लीतून येईना. म्हणून तात्यांनी ते नावेतून आणवलं. रामघाटाला नाव लागली तेव्हा अण्णा पायऱ्यांवर संध्या करत बसले होते. हमालांनी खोकं वर चढवलं, यंत्र सुरू झालं आणि जळक्या कागदाचा वास जिन्यातून खाली ओसरीवर आला. पाठ थांबवून अण्णा जिन्याच्या तोंडाशी गेले. या घरात कागदाला पाय लागला तरी नमस्कार करायची पद्धत. "सरस्वती जाळायला मशीन आणलीस?" अण्णांनी विचारलं. तात्या वरून म्हणाले, "जाळत नाही, कोरतोय." अण्णा म्हणाले, "वास मला येतोय. मला शिकवू नकोस." तेवढंच. त्यानंतर दोघा भावांमधलं बोलणं वहिनींमार्फत होऊ लागलं. "वरच्याला सांग, पाणी आलंय." "खाली सांग, भरलं." वहिनी दोन्ही निरोप जिन्याच्या मध्यावर उभ्या राहून मोठ्याने सांगत. खरं तर दोघांनाही दोन्ही ऐकू येत.

मी एकदा तात्यांना म्हटलं, तुम्हीच खाली जा ना. ते म्हणाले, "जाऊन काय सांगू? चुकलो म्हणू? चुकलेलो नाही. आणि तोही चुकलेला नाही, ही खरी परेशानी आहे." मग बराच वेळ ते कात्रणं गोळा करत राहिले. कापून उरलेला कागदाचा बारीकसा तुकडाही ते केरात टाकत नसत. सगळं एका पोत्यात साठवत आणि पोतं भरलं की नावेने मध्यावर नेऊन गंगेत सोडत. अण्णांना ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

त्या उन्हाळ्यात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत चालत होते आणि शब्द गेले होते. पाणी हवं असलं तर "ते... ते..." करत आणि मग संतापून खाटेवर डावा हात आपटत. नवल हे, की विद्यार्थी मंत्रात कुठे अडखळला तर पुढचा मंत्र त्यांच्या तोंडून स्वरासकट अखंड बाहेर पडे. डॉक्टर म्हणाले, पाठ केलेलं डोक्यात वेगळ्या जागी राहतं, असं होतं कधीकधी. वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अख्खी संहिता आहे त्यांच्याजवळ, पण माझं नाव नाही गं."

पाठशाळेपुढे मोठंच संकट उभं राहिलं. येत्या हिवाळ्यात अण्णांच्या विद्यार्थ्यांनी एका यज्ञात श्येनचिती रचायची ठरलेली होती. श्येनचिती म्हणजे पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची विटांची वेदी. निरनिराळ्या आकारांच्या विटा, पाच थर, प्रत्येक विटेला मंत्र, आणि एका थरातला सांधा त्याच्या वरच्या थरातल्या सांध्यावर येता कामा नये. ही मांडणी हाताने शिकवायची असते आणि ती अण्णांच्या हातात होती. बाहेरून दुसरे गुरुजी बोलवावेत असं कुणीतरी सुचवलं तेव्हा अण्णांनी पाटाला धक्का देऊन नकार कळवला. ते डाव्या हाताने फळ्यावर आकृती काढायला बघत. रेघ वाकडी जाई. पुसून पुन्हा काढत. कोणती वीट कुठे, ते सांगायला शब्द येत नसत.

एका दुपारी खालून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने वहिनी वर आल्या आणि जिन्याच्या मध्यावर न थांबता थेट तात्यांच्या खोलीत शिरल्या.

"भाऊजी, आज फळाच फेकून दिला त्यांनी. मुलं एकदम सहमून गेली. मला बघवत नाही हो."

तात्यांनी यंत्र बंद केलं. "लागलं का त्याला?"

"त्यांना नाही लागलं. पण रडत होते."

त्या दिवसापासून तात्यांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली. मला म्हणाले, "सगळ्यांना लिही, पानगळ चालू आहे, थांबा." जाड पुठ्ठा मागवला. संगणकावर चौकोन आणि त्रिकोण काढू लागले. मी विचारलं, तुम्हाला हे येतं? तेव्हा कळलं की लहानपणी वडील दोघा भावांना ओसरीवर बसवून शिकवत. अण्णा मंत्र म्हणत आणि तात्या विटा मांडत. "मंत्र कधी माझ्या डोक्यात बसले नाहीत. विटा बसल्या. हाताला आठवतंय, बघू."

"बघू" हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. पुढचे दिवस मी बँकेतून आले की एकावर एक दोन थर काचेवर ठेवून खालून दिवा लावी आणि उजेड कुठे आरपार येतो ते बघून सांधे तपासून देई. चूक निघाली की ते अख्खा थर नव्याने कापत. सगळं पुरं झालं, पुठ्ठ्याच्या विटांची चिती पाटावर रचून झाली आणि तात्या तसेच बसून राहिले.

"शुभा, बरोबर असेल ना?"

"तुम्ही मला विचारताय?"

"खाली जायचंय म्हणून विचारतोय," ते म्हणाले.

सकाळचा पाठ सुरू होता. तात्या पाट घेऊन जिना उतरले, मागे मी. ओसरीवर पाठ थांबला. तात्यांनी पाट अण्णांसमोर ठेवला आणि स्वतः जमिनीवर मांडी घातली. अण्णा आधी भावाकडे बघत राहिले, मग पाटाकडे. डाव्या हाताने त्यांनी पुठ्ठ्याची एक वीट उचलली. लेझरने कापलेली कडा तपकिरी होते आणि नवी असताना हाताला लागते. अण्णांनी कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर काजळी आली. तो अंगठा त्यांनी तात्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

वहिनी दारात उभ्या होत्या. 

तात्या म्हणाले, "वीट आहे, अण्णा. भाजल्याशिवाय वीट होते का?"

अण्णांचा अर्धा चेहरा हलला. मला आधी वाटलं, त्यांना त्रास होतोय. मग घशातून आवाज फुटला आणि कळलं की ते हसताहेत. खूप हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि हसता हसता त्यांनी मंत्र सुरू केला. पहिली वीट उचलून पुन्हा मांडली, मग दुसरी. वीट जागेवरच बसत होती. विद्यार्थी पुढे सरकले. डाव्या पंखापाशी अण्णा थांबले, मान हलवली आणि तात्यांनी लावून ठेवलेल्या दोन विटांची अदलाबदल केली.

"अरे हो," तात्या कपाळावर हात मारून म्हणाले, "लहानपणी पण मी इथंच चुकायचो. बाबांचा मार इथंच खाल्ला." अण्णांनी जोरात मान डोलावली, जणू साक्षच दिली.

त्यानंतर रोज सकाळी तात्या ओसरीवर बसू लागले. अण्णा मंत्र म्हणत, वीट दाखवत आणि का तसं, ते तात्या बोलून सांगत. दोघांत मिळून एक गुरुजी पुरा होत होता. हिवाळ्यात गंगेपलीकडच्या एका बागेत खरी चिती रचली गेली. अण्णा खुर्चीत, मागे खुर्चीची पाठ धरून तात्या. शेवटची वीट बसली तेव्हा अण्णांनी मागे न बघता डावा हात खांद्यावरून वर केला आणि तात्यांनी तो धरला. नावेतून परतताना तात्या पुन्हा पहिल्यासारखे झाले होते. "सांगितलं नव्हतं का तुला, होऊन जाईल म्हणून?" त्यांनी मला विचारलं. असं त्यांनी मुळीच सांगितलं नव्हतं.

पुढे माझी बदली पुन्हा सांगलीला झाली. निरोप घ्यायला वर गेले तर तात्या कामात होते. मान वर न करता म्हणाले, "पत्रव्यवहार तिथूनही होतो. इंटरनेट गंगेच्या काठीच असतं असं नाही." आणि तो तसाच चालू राहिला. रोज संध्याकाळी फोन, रोज नवं गिऱ्हाईक, रोज कुणाच्या तरी पानांबद्दलची कुरकुर.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. सकाळी घाटावरून आले, खुर्चीत बसले, वहिनींनी चहा आणून ठेवला तोवर संपलं होतं. मी पोचले तेव्हा सगळे विधी उरकले होते. खोलीत टेबलावर कापून ठेवलेले कागद तसेच होते. जपानमधल्या एका गृहस्थांनी छोट्या स्टेशनच्या देखाव्यासाठी नेच्याची पानं मागवली होती. कागदातून पानं सोडवायची, प्रत्येकाला किंचित बाक द्यायचा आणि डबीत भरायची, एवढंच बाकी होतं. वहिनी म्हणाल्या, "राहू दे. कळवून टाक त्यांना." मला ते पटेना. मी चिमटा घेऊन बसले.

दुपारी जिन्यावर पाय ओढल्याचा आवाज आला. भिंतीला धरून, वहिनींच्या खांद्यावर भार टाकून अण्णा वर आले. यंत्र आल्यापासून त्या जिन्याने ते वर चढलेच नव्हते. माझ्यासमोर बसले, हात पुढे केला. मी दुसरा चिमटा दिला. पहिली पानं फाटली. काही चुरगळली. मी नवा कागद पुढे सरकवत राहिले. मग एक पान सुटलं. अण्णांनी चिमटा ठेवून ते बोटावर घेतलं, अंगठ्याने त्याला जरा जास्तच बाक दिला आणि डबीत ठेवलं. ऊन गच्चीवरून उतरेपर्यंत आम्ही डबी भरली. दुसऱ्या दिवशी मी चौकातल्या पोस्टात जाऊन ती पाठवली आणि त्या गृहस्थांना कळवलं की ज्यांनी ही पानं कापली ते आता नाहीत.

वसंतात त्यांच्याकडून पुऱ्या झालेल्या देखाव्याचा फोटो आला. डोंगरातलं एकाकी स्टेशन, ओला फलाट, आणि फलाटाच्या कडेने दाट, हिरवेगार नेचे. मी तो वहिनींना पाठवला आणि फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, यांना दाखवला. मघापासून एका जरा जास्तच वाकलेल्या पानावर बोट ठेवून बसलेत, काढतच नाहीत. मी म्हटलं, एवढ्या गर्दीत हेच का?"

"मग?"

वहिनींनी फोन त्यांच्याजवळ नेला असावा. अण्णांचा जड, स्वच्छ आवाज आला.

"माझं."